सगळ्यात फास्ट पेन ड्राइव्ह कोणता? आधी प्रश्न नीट विचारू या

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज पेन ड्राइव्हवर बोलणार, याचं काहींना नवल वाटलं असेल. कारण अगदी साधं आहे. या मालिकेतली व्याख्यानं बरेच श्रोते उतरवून घेतात, पेन ड्राइव्हवर भरतात आणि गावी आईवडिलांना टीव्हीवर ऐकायला नेऊन देतात. त्यामुळे व्याख्यानाच्या विषयापेक्षा जास्त वेळा मला एकच प्रश्न विचारला जातो : "सर, सगळ्यात फास्ट पेन ड्राइव्ह कोणता घ्यावा?"

हा प्रश्न ऐकला की माझ्यातला जुना मास्तर जागा होतो. 'फास्ट' म्हणजे कशात फास्ट? माहिती भरताना, की काढताना? पहिल्या मिनिटात, की शेवटपर्यंत? तुमच्या कॉम्प्युटरवर, की कंपनीच्या प्रयोगशाळेत? आणि तुमच्या कामाला वेग लागतो का, की दुसरंच काही लागतं? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की कोणता घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. आज तेवढंच करू या.

'पर्यंत' या शब्दाचा अर्थ

पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'सेकंदाला १५० मेगाबाइटपर्यंत', 'सेकंदाला ४०० मेगाबाइटपर्यंत'. या वाक्यातला महत्त्वाचा शब्द १५० नाही आणि ४०० नाही. महत्त्वाचा शब्द आहे 'पर्यंत'. सेलच्या दिवसांत दुकानाबाहेर पाटी असते ना, '७० टक्क्यांपर्यंत सूट'? आत गेलं की ७० टक्के सूट एका कोपऱ्यातल्या दोन शर्टांवर असते. दुकानदार खोटं बोललेला नसतो. 'पर्यंत' म्हणजे यापेक्षा जास्त मिळणार नाही. कमी किती मिळेल, ते त्याने सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट. हा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो, लेखनाचा नसतो. वाचन म्हणजे पेन ड्राइव्हवर असलेली माहिती कॉम्प्युटरने उचलणं. लेखन म्हणजे कॉम्प्युटरवरची माहिती पेन ड्राइव्हवर भरणं. आता आठवून बघा, पेन ड्राइव्ह लावून आपण ताटकळत बसतो ते कधी? भरताना. दुकानात ग्राहक उभा आहे, गाडी सुटायला वीस मिनिटं आहेत, आणि ती हिरवी पट्टी पुढे सरकत नाही, हे दृश्य लेखनाचं आहे. आणि नेमका लेखनाचा आकडा पाकिटावर छोट्या अक्षरात असतो किंवा नसतोच.

एका चांगल्या चालणाऱ्या पेन ड्राइव्हच्या पाकिटावर मी वाचलं, 'लेखन साध्या यूएसबी २.० ड्राइव्हपेक्षा १५ पट वेगवान'. पंधरा पट! पण साधा ड्राइव्ह म्हणजे किती? तळटीप बघितली, तर तिथे साध्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला ४ मेगाबाइट धरलेला. म्हणजे पंधरा पट म्हणजे जास्तीत जास्त ६०. आणि पुन्हा 'पर्यंत' आहेच. तुलना करताना कशाशी तुलना केली हे विचारायचं असतं, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बाजारात गेलं की आपण ते विसरतो.

आता थोडा हिशेब करू या, म्हणजे आकडे अंगवळणी पडतील. समजा ६४ गिगाबाइटचं लग्नाचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर भरायचं आहे. लेखनाचा खरा वेग सेकंदाला २० मेगाबाइट असेल, तर ३२०० सेकंद लागतील. म्हणजे ५३ मिनिटं. तोच वेग ३८० असेल, तर तीन मिनिटांच्या आत काम होईल. आणि ९०० असेल, तर सव्वा मिनिटाच्या आत. दिसायला तिन्ही पेन ड्राइव्ह सारखेच. करंगळीएवढे. पण एकात चहा पिऊन, वर्तमानपत्र वाचून होतं आणि दुसऱ्यात चहा गाळेपर्यंत काम झालेलं असतं.

आत काय चालतं

हा फरक पडतो तो कशामुळे? पेन ड्राइव्हच्या आत मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, माहिती साठवणारी फ्लॅश चिप. दुसरी, त्या चिपचा कारभार बघणारा कंट्रोलर. फ्लॅश मेमरी ही जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांची देणगी. १९८० च्या दशकात त्यांनी ती मांडली. आज आपण वापरतो तो नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगासमोर आला. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं. त्यानंतर २००० साली पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले, तेव्हा त्यांत ८ मेगाबाइट माहिती मावत असे. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन चांगले फोटो त्यात जेमतेम बसतील.

नावातच तिचा स्वभाव आहे बघा. पुसताना मोठा भाग एकदम पुसावा लागतो. पाटीवर खडूने ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसता येत नाही, पुसायची तर अख्खी पाटी पुसावी लागते, असं समजा. मग एक ओळ बदलायची तर काय करावं लागेल? बाकीच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवायच्या, ही पाटी पुसायची. ही सगळी धावपळ कंट्रोलर करत असतो. म्हणून वाचन सोपं आणि लेखन कष्टाचं.

त्यात आणखी एक भर पडली. पूर्वी चिपच्या एका पेशीत एकच बिट ठेवत. पेला भरलेला किंवा रिकामा, दोनच अवस्था. ओळखायला सोपं. मग स्वस्तात जास्त माहिती बसावी म्हणून एका पेशीत तीन बिट ठेवू लागले, म्हणजे पेल्यातल्या पाण्याच्या आठ पातळ्या ओळखायच्या. चार बिट ठेवले तर सोळा पातळ्या. पाणी इतकं मोजून ओतायला वेळ लागणारच, आणि पेशी झिजतातही लवकर. मोठ्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह स्वस्त झाले ते यामुळे, आणि लेखनाच्या बाबतीत ते रडतात तेही यामुळेच.

यावर कंपन्यांनी तोड काढली. बाजारातल्या व्यापाऱ्याच्या गोदामासमोर ओटा असतो. ट्रक आला की हमाल पोती भराभर ओट्यावर टाकतात आणि मग सवडीने आत लावतात. तसा चिपचा थोडा भाग 'ओटा' म्हणून वापरायचा. तिथे एका पेशीत एकच बिट, म्हणजे झटपट लिहून मोकळं. ओटा रिकामा आहे तोवर वेग जबरदस्त. ओटा भरला, की प्रत्येक पोतं अरुंद दारातून आत न्यावं लागतं. विंडोजमध्ये मोठी फाइल कॉपी करताना आलेख दिसतो ना? सुरुवातीला उंच, आणि थोड्या वेळाने कड्यावरून पडल्यासारखा खाली. तो ओटा भरल्याचा क्षण. सगळ्याच पेन ड्राइव्हना असा ओटा नसतो, आणि असला तरी त्याचा आकार वेगवेगळा. पण पाकिटावरचा आकडा हा रिकाम्या ओट्याचा असतो, हे धरून चालावं.

उष्णतेचंही तसंच. एवढ्याशा डबीत एवढं काम चाललं की ती तापते. फार तापली तर चांगला कंट्रोलर स्वतःहून वेग कमी करतो. मोठी कॉपी झाल्यावर धातूचा पेन ड्राइव्ह हाताला चटका देतो, तो बिघडला म्हणून नव्हे.

दार किती रुंद आहे

वेगवान पेन ड्राइव्ह घेतला आणि जुन्या पोर्टला लावला, तर पैसे पाण्यात. यूएसबी २.० हे मानक २००० साली आलं. त्याची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. लक्ष द्या, बिट, बाइट नाही. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात ३० ते ४०. वरचं लग्नाचं चित्रीकरण या दारातून न्यायला अर्धा तास लागणार, पेन ड्राइव्ह कितीही भारी असू द्या.

यूएसबी ३.० हे २००८ मध्ये आलं, त्याची मर्यादा सेकंदाला ५ गिगाबिट. पुढे त्यालाच ३.१ जेन १ म्हणू लागले, नंतर ३.२ जेन १. एकाच मुलाचं तीनदा बारसं! माणूस तोच. नाव वाढलं म्हणून वेग वाढला असं समजू नका. खरोखर दुप्पट, म्हणजे १० गिगाबिट, तो ३.१ जेन २, त्यालाच आज ३.२ जेन २ म्हणतात. म्हणून नावाच्या मागे न लागता '५' की '१०' एवढंच बघा. कॉम्प्युटरवर निळ्या रंगाचं पोर्ट असेल तर ते सहसा ३.० असतं. पण रंग ही सक्ती नाही, काही कंपन्या तो पाळत नाहीत.

आणि टाइप-सी? टाइप-सी हा तोंडाचा आकार आहे, वेग नव्हे. उत्तम उदाहरण म्हणजे आयफोन १५. २०२३ मध्ये अॅपलने त्याला टाइप-सी दिलं. पण साध्या आयफोन १५ चा वेग यूएसबी २ एवढाच, म्हणजे ४८० मेगाबिट. १५ प्रो मध्ये तो १० गिगाबिटपर्यंत जातो. बाहेरून बघाल तर तोंड अगदी एकसारखं.

घरासाठी आणि कामासाठी

आता तुलनेकडे येऊ. मी याचे चार गट करतो.

पहिला गट ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांचा. गाडीत गाणी, टीव्हीवर कीर्तन, व्याख्यान, सिनेमा. इथे वेगाची गरज किती, ते मोजू. चांगल्या प्रतीचं एमपी३ गाणं ३२० किलोबिटचं असतं, म्हणजे सेकंदाला ४० किलोबाइट. यूएसबी २.० त्याच्या शेकडो पट देऊ शकतं. भरघोस फोर-के सिनेमा ८० मेगाबिटचा धरला, तरी सेकंदाला १० मेगाबाइट झाले. म्हणजे ऐकायला-बघायला साधा, नावाजलेल्या कंपनीचा पेन ड्राइव्ह पुरतो. इथे बघायचं ते फॉरमॅट. गाडीतले बरेचसे प्लेअर फॅट३२ हाच फॉरमॅट ओळखतात, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही. 'जागा शिल्लक आहे, तरी सिनेमा कॉपी होत नाही', ही तक्रार याच मर्यादेची असते. एक्सफॅटमध्ये ती अडचण नाही.

दुसरा गट विद्यार्थी, शिक्षक, कार्यालयात काम करणारे. कागदपत्रं, सादरीकरणं, थोडे व्हिडिओ. इथे मध्यम वेगाचा, यूएसबी ३.२ जेन १ चा पेन ड्राइव्ह योग्य. एका बाजूला जुनं तोंड आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असा दुतोंडी घेतलात तर मोबाइललाही लागतो. इथे पाकिटावर १५० आणि ४०० यांतला फरक तुम्हाला फारसा जाणवणार नाही, कारण या लोकांचं काम असतं हजारो छोट्या फाइलींचं. एक गिगाबाइटची एक फाइल आणि एक गिगाबाइटच्या दहा हजार फाइली यांत जमीन-अस्मानाचा फरक. प्रत्येक छोट्या फाइलीमागे नाव नोंदवणं, जागा शोधणं, नोंद मिटवणं हा सगळा कारकुनी व्याप असतो. उपाय फुकटचा आहे, सगळ्यांची एक झिप फाइल करून मग कॉपी करा.

तिसरा गट छायाचित्रकार, व्हिडिओ संपादक, डीटीपी आणि छपाईवाले. रोज पन्नास-शंभर गिगाबाइट इकडून तिकडे. यांनी लेखनाचा आकडा छापलेला असेल तरच पेन ड्राइव्ह घ्यावा. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रोचं कंपनी सांगते ते वाचन ४२० आणि लेखन ३८० मेगाबाइट. किंग्स्टनच्या डेटा ट्रॅव्हलर मॅक्सचं वाचन १००० आणि लेखन ९००. ट्रान्सेंडच्या ईएसडी३१० चं १०५० आणि ९५०, शिवाय दोन्ही तोंडं. या सगळ्यांत वाचन आणि लेखनाचे आकडे जवळजवळ आहेत हे बघा. ते जवळ असणं हीच खूण, की आतला कंट्रोलर दमदार आहे. खरं तर हे पेन ड्राइव्हच्या वेशातले एसएसडीच आहेत. वाचन ४०० आणि लेखनाबद्दल मौन, हा पेन ड्राइव्ह या गटाच्या कामाचा नाही.

आणि इथे एक गोष्ट विचारात घ्या. काम रोजचं आणि जड असेल, तर छोटा पोर्टेबल एसएसडी बघा. सॅमसंगचा टी७ घेतला तर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वाचन १०५०, लेखन १०००, वजन ५८ ग्रॅम. सोबत एक केबल सांभाळावी लागते, एवढाच त्रास. त्याला उष्णता टाकायला अंग मोठं मिळतं. पेन ड्राइव्हवरच प्रकल्प उघडून तासन्तास संपादन करणं टाळावं. तो वाहून न्यायला आहे, त्यावर संसार मांडायला नाही.

चौथा गट वकील, सीए, डॉक्टर. यांची गरज वेग नाही, गुप्तता. पक्षकाराची कागदपत्रं रिक्षात पडली तर? इथे पासवर्डने बंद होणारा, कूटबद्ध करणारा पेन ड्राइव्ह हवा. किंग्स्टनच्या आयर्नकी मालिकेत ही सोय डबीच्या आतच असते, आणि ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की आतली माहिती हाती लागत नाही. खर्च नको असेल तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, आणि व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. शंभर मेगाबाइट वेग कमी मिळाला तर पाच मिनिटं जातात. पक्षकाराची फाइल गेली तर विश्वास जातो.

पाकिटावर विश्वास किती ठेवावा

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हेही प्रमाण आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरूनही ज्ञान होऊ शकतं. पण अट अशी की सांगणारा आप्त हवा. ज्याला त्या गोष्टीची माहिती आहे आणि जो खरं तेच सांगतो, तो आप्त. विकणारा आप्त असतो का? कधी असतो, कधी नसतो. म्हणून इथे प्रत्यक्षाची जोड द्या.

कारण बाजारात खोटे पेन ड्राइव्ह आहेत. दोन टेराबाइटचा पेन ड्राइव्ह काहीशे रुपयांत दिसला, तर तो खोटाच समजा. आत चिप असते छोटी, आणि कंट्रोलरला शिकवलेलं असतं की 'मी दोन टेराबाइटचा' असं सांग. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही भरत जाता, तक्रार येत नाही, फाइलींची नावं दिसतात. पण खरी जागा संपल्यावर लिहिलेलं कुठेच गेलेलं नसतं, किंवा आधीच्या माहितीवरच लिहिलेलं असतं. उघडायला गेलं की कळतं. म्हणजे नाम आहे, रूप नाही!

परीक्षा सोपी आहे. नवा पेन ड्राइव्ह पूर्ण भरायचा आणि भरलेलं तसंच्या तसं परत वाचता येतं का ते तपासायचं. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकसाठी एफ३ हे फुकट प्रोग्रॅम हेच करतात. त्यातच सबंध ड्राइव्हभरचा, म्हणजे ओटा भरल्यानंतरचाही, वाचन-लेखनाचा सरासरी वेग कळतो. खरेदीनंतर पहिल्या दिवशी, परत करण्याची मुदत असेपर्यंत, हे करा. एवढं जमत नसेल तर २० गिगाबाइटची एक फाइल घड्याळ लावून कॉपी करा. ते प्रत्यक्ष प्रमाण झालं.

मात्र ६४ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर ५९.६ दिसला, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. तिथे फसवणूक नाही.

ने-आण आणि जतन

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं की, गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी काही वर्षं फिरून ध्वनिमुद्रित केल्या आहेत, त्यांतल्या काही आज हयात नाहीत, तर हे सगळं ठेवायला वेगवान पेन ड्राइव्ह कोणता घ्यावा.

प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, वेग आणि ठेवणं. वेग हा ने-आण करण्याचा गुण आहे. ठेवण्याचा गुण वेगळा, टिकाऊपणा. पेन ड्राइव्ह पहिल्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या पेशींत माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो भार हळूहळू गळतो. पेशी जितकी वापरून झिजलेली आणि जागा जितकी गरम, तितका लवकर. शिवाय कंट्रोलर बिघडला तर सगळी माहिती एका क्षणात जाते. जुनी हार्ड डिस्क बिघडण्याआधी अनेकदा कुरकुरते, आवाज करते. पेन ड्राइव्ह काही बोलत नाही. आणि या सगळ्याआधी तो हरवतो, पँटच्या खिशातून धुण्यात जातो, कोणाला दिलेला परत येत नाही.

म्हणून ज्याची दुसरी प्रत नाही असं काहीही फक्त पेन ड्राइव्हवर ठेवू नका. मग तो हजार मेगाबाइटचा असो की दहाचा. छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. ताईंच्या ओव्यांसाठी मी सांगेन : एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाऊडवर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. पेन ड्राइव्ह ही चौथी, कोणाला ऐकवायला न्यायची प्रत. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीतल्या चार-दोन फाइली उघडून ऐकायच्या. कॉपी झाली म्हणजे पोचली असं नसतं.

आणि प्रत्येक फाइलीसोबत गाणारीचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. तीस वर्षांनी आवाज राहील आणि कोणाचा ते सांगणारं कोणी नसेल, तर तेही एक हरवणंच आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करणं खरंच गरजेचं आहे का? मी तर कधीच करत नाही.

उत्तर : आणि अजून काही झालं नाही, असंच ना? रस्ता न बघता ओलांडणाराही तेच सांगतो. कॉम्प्युटर कधी कधी लिहायची माहिती स्वतःकडे धरून ठेवतो आणि मागाहून लिहितो. पट्टी संपलेली दिसते, पण लेखन चालू असतं. २०१८ च्या विंडोज १० पासून झटपट काढता येईल अशी रचना मूळचीच असते, हे खरं. पण मॅकवर, लिनक्सवर हा धोका आहेच, आणि विंडोजवरही एखादा प्रोग्रॅम मागे लिहीत असू शकतो. दोन सेकंदांचं काम आहे, करावं.

प्रश्न : माझा पेन ड्राइव्ह मॅकवर उघडतो, पण त्यावर काही ठेवता येत नाही. खराब झालाय का?

उत्तर : बहुधा नाही. तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला असेल. मॅक ते वाचतो, पण मूळच्या सोयीत त्यावर लिहीत नाही. आतली माहिती दुसरीकडे काढून घ्या आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोघांनाही चालतं. आधी माहिती काढून घ्या, हे पुन्हा सांगतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला की व्हायरस घेऊनच येतो. काय करावं?

उत्तर : त्या दुकानासाठी वेगळा, स्वस्तातला पेन ड्राइव्ह ठेवा. त्यावर छापायची पीडीएफ तेवढीच, दुसरं काही नाही. घरी आल्यावर फॉरमॅट करून टाका. आणि रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह कधीही लावू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यांतल्या किमान ४५ टक्क्यांमधली फाइल कोणी ना कोणी उघडली. माणसाचं कुतूहल ही चांगली गोष्ट आहे, तत्त्वज्ञानाची सुरुवात तिथूनच होते. पण प्रत्येक वस्तू आपल्या कॉम्प्युटरला लावून बघायची नसते. (हशा)

प्रश्न : क्लाऊड असताना पेन ड्राइव्ह हवाच कशाला?

उत्तर : जिथे इंटरनेट धड नाही, तिथे हवा. आईच्या टीव्हीला हवा. पन्नास गिगाबाइट आजच्या आज छापखान्यात पोचवायचे असतील, तर घरच्या इंटरनेटपेक्षा खिशातला पेन ड्राइव्ह आणि स्कूटर बऱ्याचदा लवकर पोचते. क्लाऊड ठेवायला, पेन ड्राइव्ह न्यायला. ज्याचं काम त्याला द्यावं.

दुकानात जाताना एवढं विचारा : लेखनाचा वेग किती? माझ्या कॉम्प्युटरचं पोर्ट ५ चं की १० चं? मला वेग हवा, की गुप्तता, की नुसती गाणी ऐकायची आहेत? आणि घरी आल्यावर स्वतःला एक विचारा, यावर जे आहे त्याची दुसरी प्रत कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर आजच बसून ती प्रत करा. मग पुढच्या वेळी भेटू.